रुसव्याचं लुगडं

किशोर सरांची कथा दिवाळी अंकात आली आणि अमरावतीत त्यांच्या सासुरवाडीला रडारड सुरू झाली.

पहिली रडली ती सीमा, किशोरच्या बायकोची, नीलमची भावजय. यंदा त्या घरात सण नव्हता. नीलमची आई, गंगूबाई, श्रावणात गेली होती. त्यामुळे कढई चढली नव्हती आणि शेजारणींनी आणून दिलेल्या चकल्या-अनारशांवर दिवाळी निघत होती. दुपारी सीमा अंक घेऊन दिवाणावर आडवी झाली आणि चहाच्या वेळेला उठून आली ती पदर नाकाला लावूनच.

"ताई, काय लिहिलं वो भाऊजीनं," ती म्हणाली. "माया तर डोयाचं पाणीच खंडून नाई राहिलं. किती जीव हाये त्यायचा तुमच्यावर."

नीलम लसूण सोलत होती. ती म्हणाली, "हो का."

मग परतवाड्याच्या मावशीचा फोन आला. मावशीला सुनेनं कथा वाचून दाखवली होती आणि दोघींनी मिळून जेवण टाळलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आजवर नीलमला पाण्याच्या टाकीवरून टोमणे तेवढे दिले होते. त्यांनीही जिन्यात तिचा हात धरला आणि "पुरुषालाही मन असतं हो," असं सांगून गेल्या. शेवटी कुलदीप, नीलमचा धाकटा भाऊ. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि दहावीनंतर पोत्यांवरच्या मजकुराखेरीज त्यानं काही वाचलं असेल तर ते चुकून. तोही अंक घेऊन गच्चीवर गेला आणि लाल डोळ्यांनी खाली आला.

नीलम तेरवीनंतर अकोल्याला परत गेलीच नव्हती. लोक आधी म्हणाले, आईचं दुःख आहे, राहू द्या. मग म्हणाले, पण किती दिवस. आता काय आहे ते साऱ्यांना छापील कळलं होतं. कथेचं नावच होतं 'रुसवा'.

तिनं कथा सगळ्यात शेवटी वाचली. किशोरच्या आजवरच्या सगळ्या कथा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. लग्न झालं तेव्हा ती बारावी होती. नवऱ्याच्या पुस्तकांच्या कपाटातून तिनं जे मिळेल ते वाचलं, कॉम्प्युटरवर मराठी टाईप करणं स्वतःच शिकली, आणि किशोरचं अक्षर लागणारी अख्ख्या वऱ्हाडात ती एकटीच होती, खुद्द किशोर धरून. ही कथा मात्र त्यानं बाहेरून टाईप करून घेतली होती. तेरवीचं जेवण पाहुण्यांच्या पोटात पचलं नसेल तेवढ्यात.

हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. कथेतल्या बायकोला लावलेल्या शब्दांना ती गोल करत गेली. खिन्न. उदास. विषण्ण. हिरमुसलेली. पुन्हा खिन्न, कारण किशोरला हा शब्द फार आवडायचा; त्याच्या कथेतली भाजीवालीसुद्धा खिन्नपणे मेथी निवडायची. मग मूक. मग 'पापण्यांआड थिजलेलं आभाळ'. शेवटाकडे 'रुसलेली सावली'. नवऱ्यासाठी वेगळे शब्द होते. तो व्याकूळ होता, अंतर्मुख होता, आणि 'कुठल्याशा अनाम अपराधभावानं' संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालत होता.

अनाम, नीलम मनात म्हणाली. कुलदीपच्या फोनच्या बिलात त्या अपराधाचं नाव, नंबर, वेळ, सगळं होतं.

झालं होतं ते असं. त्या दिवशी अकोल्यात किशोरचा सत्कार होता. पुरस्कार, शाल, श्रीफळ, मुंबईहून आलेले अध्यक्ष. नीलम पहिल्या रांगेत अंजिरी साडी नेसून बसलेली. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. किशोरनंच सांगितलं होतं तसं. इकडे डॉक्टरांनी गंगूबाईंना घरी न्यायला सांगितलं आणि म्हणाले, माणसं बोलावून घ्या. कुलदीपनं ताईला फोन लावला, लागला पण कुणी उचलला नाही. मग भाऊजींना लावला. किशोर तेव्हा मंचामागे अध्यक्षांसोबत चहा घेत होता. त्यानं ऐकून घेतलं, "निघतो," म्हणाला आणि मंचावर जाऊन बसला.

मग सत्कार झाला. अध्यक्ष बोलले, लांब बोलले. मग किशोर बोलला. "माझ्या लेखनातल्या वेदनेचा झरा समोर पहिल्या रांगेत बसला आहे," असं तो म्हणाला तेव्हा सगळ्या सभागृहानं माना वळवून नीलमकडे पाहिलं, ती लाजली आणि सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. नंतर जेवणं. जेवणानंतर गाडीची किल्ली फिरवता फिरवता किशोर म्हणाला, "आईंची तब्येत जरा बिघडली आहे. आपण असंच अमरावतीला जाऊ."

असंच.

ते पोचले तेव्हा गंगूबाईंना खाली घेतलं होतं.

कथेत हे सगळं होतं, फक्त फोन नव्हता. कथेत त्या दिवशी वादळ होतं, मोबाईलचे टॉवर बंद पडले होते, निरोप उशिरा आला होता. 'नियतीनंच रेंज काढून घेतली होती,' असं एक वाक्य होतं, आणि सीमा नेमकी त्याच वाक्याला रडली होती.

तरी नीलमचा राग तोवर ओळखीचा होता. तीन महिने ती त्याच्यासोबत उठत होती, बसत होती. नवऱ्याचा फोन आला की तो वाजू द्यायचा, बंद झाला की पालथा ठेवायचा, एवढं काम होतं. पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत कुलदीप म्हणाला, "ताई, तवा रेंजचाच लोचा होता ना वो? पाणी होतं त्या दिवशी."

नीलमनं त्याच्याकडे पाहिलं. "कुलदीप, फोन तूच लावला होता. त्यायनं उचलला. निघतो म्हणले."

"हो, हो ना. म्हणले होते." तो ओशाळला. कपाळ चोळत म्हणाला, "पण थे वाचलं ना, तवापासून मले तसंच दिसून राहिलं बाप्पा. वादळ-गिदळ."

किशोर चांगला लिहायचा, ही काही गोष्ट नवी नव्हती. पण इतका चांगला, की ज्यानं फोन लावला त्याच्याच कानातून तो फोन काढून न्यावा? आणखी दोन वर्षांनी कुलदीपला वादळच आठवेल. सीमाला आताच आठवत होतं. पाच वर्षांनी कदाचित नीलमलाही आठवेल. तिला बसल्या जागी घाम फुटला, आणि घाम वाळल्यावर जो राग आला तो आधीच्या रागाचा बापच होता.

रविवारी किशोर आला. एकटा नाही, सोबत गोदाबाई, त्याची थोरली बहीण, धामणगाव रेल्वेहून मुद्दाम आलेली. किशोरची माय लवकर गेली, तेव्हा या बहिणीनंच त्याला लहानाचं मोठं केलं. पांढरं पातळ, हातात पिशवी, आणि पिशवीत काय असणार ते नीलमला दारातच कळलं.

किशोरच्या घराण्यात रीतच होती. सून रुसून माहेरी बसली की थोरल्या नणंदेनं लुगडं घेऊन जायचं. सुनेला पाटावर बसवायचं, ओटी भरायची, लुगडं नेसवायचं, आणि तिनं त्याच लुगड्यात त्याच दिवशी सासरी परतायचं. एकदा ते लुगडं अंगाला लागलं की आधीचा विषय कुणी काढायचा नाही. नवऱ्यानंही नाही, सुनेनंही नाही. गोदाबाईनं आजवर दोन चुलतभावजया अशा परत आणल्या होत्या, आणि त्यातल्या एकीला नवऱ्यानं काय केलं होतं ते घराण्यात आता कुणालाही सांगता येत नव्हतं. बहुधा तिलाही नाही.

सीमानं पाणी दिलं, चहा दिला. किशोर खुर्चीत बसला. वाळला होता जरा, दाढी वाढली होती, आणि ती त्याला शोभत होती, याचाही नीलमला राग आला.

"कथा वाचलीस?" त्यानं विचारलं.

"वाचली."

तो थांबला. इतकी वर्षं प्रत्येक कथेनंतर तो असाच थांबायचा, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. तिला खोटं बोलता येईना.

"चांगली झाली," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं. नीलू, पुस्तक येतंय. शीर्षककथा हीच." त्यानं मोबाईल पुढे केला. "अर्पणपत्रिका बघ."

पडद्यावर मोकळ्या पानाच्या मधोमध तीनच शब्द होते: 'नीलमच्या मौनास, कृतज्ञतापूर्वक.'

"मौन कवा होतं?" नीलम म्हणाली. "मी तुमचा फोन उचलत नवती."

आत कुठेतरी सीमाला ठसका लागला. गोदाबाईनं तेवढ्यात खोलीच्या मधोमध पाट मांडला होता. "झालं त्या पुस्तकायचं," ती म्हणाली. "ये वं, बस इथं. तोंड पूर्वेकडे कर. मले संध्याकाळची गाडी हाये."

"आक्का, मी रुसली नाई."

"रुसणाऱ्या साऱ्या असंच म्हणतात बाई. मीबी म्हणत होती."

"मले राग आला हाये."

"तेच थे."

"तेच नाई आक्का. रुसलेलं माणूस वाट पाहाते, कोणी मनवाले येईन म्हणून. मी कोणाची वाट नाई पाहून राहिली."

गोदाबाईच्या हातात कुंकवाची डबी होती. तिनं ती उघडली नाही. भावाकडे पाहिलं. किशोरनं खुर्ची थोडी पुढे ओढली, वर्गात ओढायचा तशी.

"नीलू, हे बघ, तुला राग आलेला असणार. येऊच शकतो. पण कथेत तो चालत नाही. वाचक दुःखाला जवळ घेतो, रागापासून लांब सरकतो. शोकाला कारण द्यावं लागत नाही, रागाला पानोपानी हिशेब द्यावा लागतो. म्हणून मी तुला—म्हणजे त्या पात्राला—विषण्ण ठेवलं."

"तुमच्या सरपंचाच्या कथेत चाललं ते."

"तो वेगळा संदर्भ होता."

"दीड पान होता संदर्भ. त्वेषानं काय, क्रोधानं धगधगत काय, संतापाचा वणवा काय. टाईप करता करता माही बोटं पोळली. तिथं कोणता वाचक लांब सरकला? बक्षीस भेटलं त्याले."

"पुरुष पात्राचा राग वाचायची सवय आहे लोकांना."

"अन् बाईच्या रागाले काय काय शब्द हायेत तुमच्यापाशी, सांगू? फणकारा. त्रागा. थयथयाट. आदळआपट. तणतण. धुसफूस. नाकाचा शेंडा लाल. सरपंच संतापला की गाव हालते, अन् बाई चिडली की भांडे वाजतात."

"तेच म्हणतोय मी!" किशोर एकदम खराच तळमळून म्हणाला. "तेच शब्द आहेत भाषेत. मग काय लिहू? नीलम थयथयाट करत माहेरी गेली? ते तुला लावायचे नव्हते मला. मी वाचवलं तुला त्यातून."

तीन महिने नीलमही वेगळा शब्द शोधतच होती. रात्री कूस बदलताना एकेक शब्द ती अंगाला लावून बघायची, दुकानात ब्लाऊजपीस लावून बघतात तसा. संताप लावला, तो ऋषीमुनींचा निघाला. क्रोधाला जटा होत्या. चीड फारच आखूड. वैताग तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी येतो. मायचे शब्द आठवून पाहिले, माय म्हणायची, "कावली हाये मी आज, माया नादी लागू नोका." पण कावलेली माय संध्याकाळी भाकरीवर लोणी घालून द्यायची. हे तसलं नव्हतं. ज्या रागाच्या टोकाला लोणी नाही, त्याला काय म्हणायचं?

आणि किशोर तिच्याकडे इतक्या समजूतदारपणे पाहत होता, की तिला जे सुचत नव्हतं ते त्या नजरेनंच सुचलं.

"तुमी राग गाळलाच नाई," ती सावकाश म्हणाली. "तुमी फोन गाळला. फोन काढून घेतल्यावर मंग राग ठेवाले कथेत जागाच नाई उरली. आता बाई काहून बसली माहेरी? काही कारणच नाई. मंग तिले खिन्न करा, उदास करा. अन् जास्तच दिवस बसली, तर रुसली म्हणा."

गोदाबाई म्हणाली, "कोणता फोन?"

स्वयंपाकघरात सीमानं भांडी हलवणं थांबवलं होतं. कुलदीप दाराच्या चौकटीत येऊन उभा होता, आणि त्याला परत आत जायचं होतं हे त्याच्या पायांवरून दिसत होतं.

"अबे, कोणता फोन?"

"आक्का, ती कथा आहे," किशोर म्हणाला.

"कथेचं नाई विचारून राहिली मी. कथेत तर रेंज नवती. मायापाशी सांगतानाही तू तेच सांगतलं."

नीलमनं मान वर केली. हे तिला नवीन होतं. कथेतलं खोटं त्यानं आधी बहिणीवर चालवून पाहिलं होतं.

ती काही बोलणार तेवढ्यात कुलदीप बोलला. खाली पाहतच बोलला, पण आवाज दुकानातल्यासारखा मोठा निघाला. "मी लावला होता आक्का. भाऊजीनं उचलला. मी म्हणलं, डॉक्टर माणसं बोलवा म्हणून राहिले, ताईले घेऊन निघा. थे म्हणले निघतो. दिवस होता आखीन तवा." मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. "रेंज होती ताई. चांगली होती."

गोदाबाईनं पाटावरचा नारळ उचलून मांडीवर घेतला. "अन् हिले कवा सांगतलं तू?"

"कार्यक्रम झाल्यावर," किशोर म्हणाला. "आक्का, समजून घे. आई याआधीही तीन-चार वेळा सिरीयस होऊन परत आल्या होत्या. मला वाटलं, अजून थोडा वेळ... आणि ती समोर नसती तर मी तो पुरस्कार कुणाला दाखवायला घेणार होतो? मला ती समोर हवी होती. एवढंच." तो खोटं बोलत नव्हता. नीलमला ते कळत होतं, आणि त्यानं तिचं डोकं आणखीच तापत होतं, कारण खोट्यावर पाय देता येतो. याच्यावर कुठे द्यायचा?

"कार्यक्रम झाल्यावर म्हणजे जेवणाच्या आधी का मंग?"

किशोरनं भिंतीकडे पाहिलं. "जेवण झाल्यावर."

"काय होतं जेवाले?"

"आक्का, हे काय विचारतेस."

"विचारून राहिली. काय होतं?"

मग किशोर म्हणाला, "जिलबी."

गोदाबाईनं मान हलवली, जणू तिला तेवढंच हवं होतं. तिनं कुंकवाची डबी पिशवीत टाकली. नारळ टाकला. लुगडं हिरवं होतं, जरीकाठी, चांगलं होतं. त्याची घडी तिनं हातानं दाबून सारखी केली आणि तेही परत पिशवीत ठेवलं. मग पाट उचलून भिंतीला लावला.

"हे रुसव्याचं हाये," ती म्हणाली. "इथं नाई चालत. अन् मले खोटं सांगून धामणगावाहून आणलं तू. या वयात मी हिच्या अंगावर हे घालून गेली असती, अन् हिचं तोंड बंद झालं असतं जन्माचं. मायाच हातानं."

"आक्का—"

"चूप राय."

नीलमला वाटलं होतं, आपली बाजू कुणी घेतली की राग थोडा उतरेल. उतरला नाही. उलट पाठीला टेकू मिळाल्यासारखा ताठ उभा राहिला.

"ते पुस्तक थांबवा," ती म्हणाली.

"नीलू, फाईल गेली. परवा छपाईला लागेल."

"परवा हाये ना. आज रविवार हाये."

"आणि काय करू? फोन घातला तर सगळी कथा माझ्यावर उलटते."

"उलटू द्या."

"आणि तुझ्यासाठी कोणता शब्द लिहू मग? सांग. तूच सांग, तो लिहितो." हे त्यानं चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं, आणि ती टाईप करून देत आली त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"कोणताच नोका लिहू. तुमी मंचामागं चहा पेत होते, फोन आला, निघतो म्हणले, अन् मंचावर जाऊन बसले. मी टाळ्या वाजवल्या. मंग जिलबी खाल्ली. एवढं लिहा. मले काय वाटलं थे वाचणाऱ्याले समजते. आभाळ-गिभाळ काढा माया पापण्यांतून."

किशोरनं प्रकाशकाला फोन लावला. पलीकडचा माणूस आनंदानं मोठ्यानं बोलत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता: सर, आमची मंडळी रडली हो वाचून, अर्पणपत्रिका तर काय. किशोर म्हणाला, थांबवा. दुरुस्ती आहे. नाही, शुद्धलेखनाची नाही. त्यानं फोन ठेवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं. आता चल घरी. घरी बसून दोघं मिळून लिहू."

सीमा दारात आली होती, तिचा चेहरा आशेनं भरला होता. नीलमला क्षणभर त्या स्वयंपाकघराची आठवण आली, अकोल्याच्या, खिडकीतल्या कॉम्प्युटरची, किशोर मागे उभा राहून "हं, पुढे" म्हणायचा त्याची.

"आधी लिहा," ती म्हणाली. "एकटे लिहा. मंग मी वाचीन."

"आणि मग येशील?"

"वाचीन म्हणली."

तो उठला. गोदाबाईनं मात्र जागेवरून हलायचं नाव काढलं नाही. "बस खाली," ती भावाला म्हणाली. "मी ज्या कामाले आली थे तर झालं नाई. पण या घरात मौत झाली, अन् मी तेरवीच्या गर्दीत आली अन् जेवून गेली. गंगूबाई कशी गेली, हे मले कोणी सांगतलं नाई. कुलदीप, सांग बरं. तू होता ना जवळ. पयलेपासून सांग."

कुलदीपनं ताईकडे पाहिलं. तिनंही हे कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळबद्दल तिच्यापाशी फक्त सभागृह होतं. या घरातली संध्याकाळ तिनं मागितलीच नव्हती, कारण मागितली असती तर ती मिळाली असती.

"सांग," नीलम म्हणाली.

तो जमिनीवर बसला, भिंतीला टेकून. "काही जास्त नाई. दवाखान्यातून आणली, याच दिवाणावर निजवली. श्वास लागून राहिला होता, पण शुद्धीत होती. भाऊजीशी बोलणं झाल्यावर मी मायले म्हणलं, ताई निघाली. तर तिनं मान हालवली. सीमानं चमच्यानं पाणी देलं, अर्धं बाहेर आलं."

"त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक प्रकारची—" किशोर हळूच म्हणाला.

"तुमी तिथं नवते," नीलम म्हणाली. आवाज चढला नाही. किशोरनं तोंड मिटलं.

"मंग थोड्या वेळानं विचारलं, नीलू कुठलोक आली. मले काय माहीत? मी म्हणलं, अकोला सोडलं, बोरगाव मंजू आलं. मंग मी ताईले फोन लावला, नाई उचलला. भाऊजीले लावला, त्यायचा बंद होता आता. मायनं पुन्हा विचारलं. मी म्हणलं, मूर्तिजापूर. तर माय म्हणे, तिथं चहा पिऊन घे म्हणा, उपाशी निघाली असन."

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. नीलम हलली नाही. तिची नजर किशोरवर होती. तो खाली पाहत होता, आणि तिनं ती नजर त्याच्यावरून काढली नाही, त्याला मान वर करावी लागेपर्यंत.

"ऐका," ती त्याला म्हणाली. "नीट ऐका. मंग घरी जाऊन जसंच्या तसं लिहा."

कुलदीप थांबला होता. "पुढं सांगू का?"

"सांग."

"मंग अंधार पडला. मायनं डोये उघडले. विचारलं नाई, नुसतं पाहिलं मायाकडे. मी म्हणलं, बडनेरा आलं माय, हे पाह्य, आता पोचतेच." त्यानं हाताच्या पंज्यानं तोंड पुसलं. "मंग आखीन एकदा पाहिलं. अन् बडनेऱ्याच्या पुढं मले सांगाले गावच नवतं."